डिपॉझिट घ्यायच्या आधी शेवट ठरवा: वेप आणि बॅटरीवाल्या वस्तूंच्या परतीची गोव्यातली सुरुवात

किनारा साफ करायला नव्याने येणारी मुलं, महिला मंडळं, शॅकवाले म्हणजे किनाऱ्यावर तात्पुरती खाणावळ चालवणारे, गेस्ट हाऊस चालवणारे, सगळे हल्ली हेच विचारतात की बाटल्यांचं समजलं, पण हे यूज अँड थ्रो वेप, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटी, सापडतात त्यांचं काय करायचं, आणि बाहेर काही ठिकाणी गांजाचे वेप दुकानातच परत घेतात, बदल्यात पैसे नाहीतर पुढच्या खरेदीवर सूट देतात असं ऐकलंय, तर तसलं डिपॉझिट इथे का नाही चालू करत. विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. खाली क्रमाने लिहितेय, पण जिथे माणसं अडकतात तिथे जास्त थांबलेय आणि बाकीचं पटकन उरकलंय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. डिपॉझिट घेणं सोपं आहे, डबा ठेवणं त्याहून सोपं. अवघड काय, तर भरलेला डबा शेवटी कोण घेऊन जाणार हे ठरवणं. ते नाव कागदावर आल्याशिवाय एक रुपयाही डिपॉझिट घेऊ नका आणि एकही वस्तू गोळा करू नका.

वस्तू ओळखायला शिका

वेप म्हणजे वरून प्लॅस्टिकची रंगीत नळी दिसते, पण आत लिथियम-आयन सेल असतो, तेल तापवणारी छोटी कॉइल असते, तेलाची टाकी असते, आणि ओढल्यावर चालू करणारा एक सेन्सर असतो जो हवेच्या दाबावर चालतो. किनाऱ्यावर सापडलेला वेप हातात घेऊन बघितलात तर तोंडाच्या बाजूला ओली वाळू घट्ट बसलेली असते, चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज चढलेला असतो, आणि कधी कधी कोणी हात न लावता खालचा दिवा लुकलुकतो. तो दिवा म्हणजे धोक्याची खूण समजा, कारण सेन्सर ओला झाला किंवा बिघडला तर कॉइल आपोआप तापू शकते आणि सेलमध्ये अजून करंट शिल्लक आहे हे त्यावरून कळतं. मेलेला दिसतो म्हणून मेला असं नसतं.

निकोटिनवाला कुठला आणि गांजाच्या तेलाचा कुठला हे बाहेरून ओळखणं जवळजवळ अशक्य आहे. गांजाच्या वेपमधलं तेल साधारण घट्ट, मधासारखं असतं, निकोटिनचं पातळ असतं, पण आपण तपासत बसायचं नाही, वास घ्यायचा नाही, आणि चालतो का बघायला तोंडाला तर अजिबात लावायचं नाही. तरुण मुलं हे करतात, म्हणून स्पष्ट लिहितेय.

हे सेल खरं तर पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या जातीचेच असतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी 2023 मध्ये तपासून दाखवलं की फेकून द्यायच्या वेपमधले सेल 450 पेक्षा जास्त वेळा चार्ज होऊ शकतात. म्हणजे शेकडो वेळा चालणारी वस्तू एकदा वापरून फेकायची. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी आठवड्याला 50 लाखांच्या आसपास असे वेप फेकले जात होते असा तिथल्या मटेरियल फोकस संस्थेचा अंदाज होता. पुढे बेल्जियमने 1 जानेवारी 2025 पासून आणि ब्रिटनने 1 जून 2025 पासून एकदाच वापरायच्या वेपची विक्रीच बंद केली. माझ्या मते तोच योग्य रस्ता होता, डिपॉझिट हा दुसऱ्या नंबरचा उपाय आहे.

गांजाच्या वेपचं डिपॉझिट बाहेरही का अडकतं

अमेरिकेतल्या काही राज्यांत आणि 17 ऑक्टोबर 2018 पासून पूर्ण कॅनडात गांजा लायसन्सवाल्या दुकानात कायद्याने मिळतो. तिथे परत घेण्याची कल्पना साधी आहे, विकताना थोडे पैसे जास्त घ्यायचे आणि रिकामी वस्तू आणली की परत द्यायचे. आपल्याकडे गॅस सिलिंडरचं डिपॉझिट सगळ्यांना माहीत आहे, तसंच.

पण सिलिंडर कोण नेणार हे ठरलेलं असतं, वेपचं तसं नसतं. एकाच नळीत बॅटरी आणि उरलेलं गांजाचं तेल. ई-कचरावाला म्हणतो माझ्या कारखान्यात नशेचं तेल नको, आणि गांजाचा कचरा नष्ट करणारा म्हणतो माझ्याकडे लिथियम नको, ते दळताना पेट घेईल. मग प्रत्येक नळी कुणीतरी हाताने सोडवायची, सेल बाजूला काढायचा, तेलाचा भाग वेगळा नष्ट करायचा, आणि ह्या मजुरीला वस्तूतून निघणाऱ्या धातूचे पैसे पुरत नाहीत. वर कागदपत्रांचा घोळ आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमांत निकोटिनवाला वेप घातक कचऱ्याच्या यादीत त्याच्या निकोटिनमुळे येतो, गांजाच्या तेलासाठी त्या यादीत तसा कोड नाही, आणि बॅटरी दोघांचीही पेट घेणारी. म्हणजे दिसायला सारख्या दोन नळ्यांचे कागद वेगवेगळे. अशा ठिकाणी दुकानदाराने हौसेने डबा ठेवला तर तो भरतो आणि मागच्या खोलीत पडून राहतो. म्हणून म्हणते, शेवट आधी.

आपल्याकडचा कायदा, हे वगळून पुढे जाऊ नका

भारतात वेप विकणं, बनवणं, आयात करणं, जाहिरात करणं 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्याने बंद आहे. नव्या लोकांना माहीत नसतं ते म्हणजे साठवणूकही त्यात येते, त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजाच्या तेलाचं तर आणखी कडक, 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात चरसच्या व्याख्येतच हशीश ऑइल धरलेलं आहे. तेव्हा साफसफाईच्या चांगल्या हेतूने कोणी घरी पिशवीभर वेप जमा करून ठेवले तर हेतू चांगला होता हे नंतर समजावत बसावं लागेल.

ह्यावरून तीन गोष्टी निघतात. वेप आणून देणाऱ्याला इथे पैसे द्यायचे नाहीत, कूपन नाही, थंड सोडा पण नाही, कारण बंदी असलेल्या वस्तूला तुम्ही भाव लावल्यासारखं होईल. दुसरं, किनारा सफाईचा दिवस ठरला की पंचायतीला आणि जवळच्या पोलीस स्टेशनला आधी लेखी कळवायचं, की सफाईत अशा वस्तू सापडतात, त्या त्याच दिवशी कुठे आणि कुणाच्या ताब्यात द्यायच्या ते सांगा, आणि त्या पत्राची पोच घ्यायची. तिसरं, आत तेल भरलेलं दिसतंय, सोबत पुड्या किंवा बरेच नवीन वेप एकत्र सापडलेत, तर हात लावायचा नाही, दोन माणसांनी तिथेच उभं राहायचं आणि 112 ला फोन करायचा. खिशात घालून स्टेशनला घेऊन जाऊया असं नको. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह पण आवरा.

मग डिपॉझिट कशावर घ्यायचं

इथे खरं काम आहे आणि ते कायद्यात बसतं. सीझनला कळंगुट, बागा, हरमल ह्या भागात किती बॅटरीवाल्या स्वस्त वस्तू विकल्या जातात बघा, डोक्याला लावायचे लाइटचे पट्टे, फुगे, हातातले छोटे पंखे, ब्लूटूथ इयरफोन, पॉवर बँक, दिव्यांच्या माळा. सुट्टी संपली की त्यातल्या कितीतरी खोलीच्या कचऱ्यात, नाहीतर दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या वाटेवर. ह्यांच्यातही सेल आहेत आणि कचऱ्याच्या गाडीत दाबले की तेही पेटू शकतात. वेपच्या डिपॉझिटसाठी जे जे शिकायचं ते सगळं ह्या वस्तूंवर करून बघता येतं.

गोवा सरकारने 2024 मध्ये डिपॉझिट रिफंड स्कीम अधिसूचित केली ती पॅकेजिंगसाठी आहे, म्हणजे बाटल्या, कॅन, पाकिटं वगैरे. बॅटरीची वस्तू त्यात घुसडू नका, तिचा मार्ग वेगळा. बॅटरीसाठी 2022 चे बॅटरी कचरा नियम आहेत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी 2022 चेच ई-कचरा नियम, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून नोंदणी असलेल्याकडेच द्यायची ही जबाबदारी त्यात वापरणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या-माझ्यावरही टाकलेली आहे.

पहिली पायरी: शेवटचा माणूस

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिसायकलरची यादी असते. तिथून नावं काढा, मग पंचायतीत जा, कचरा व्यवस्थापन महामंडळाला विचारा की तुमचा ई-कचरा कोण उचलतं. पणजीत महापालिका कचरा 16 प्रकारांत वेगळा करायला लावते, तिथल्या एखाद्या केंद्रावर अर्धा तास उभं राहून काम बघा, वाचण्यापेक्षा ते जास्त शिकवतं.

उचलणाऱ्याला फोनवर नुसतं "बॅटरी घेता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा: वस्तूच्या आत बसलेली बॅटरी घेता का सुटीच लागते? फुगलेली चालते का? कमीत कमी किती किलो झाल्यावर गाडी येते? गाडीचे पैसे कोण देणार? उचलल्याची पावती नोंदणी नंबरासकट मिळेल का? ही उत्तरं लिहून घ्या. किमान वजनाचा प्रश्न सगळ्यात जास्त गोत्यात आणतो, कारण छोट्या वस्तूंचा एक डबा भरला तरी वजन काहीच होत नाही आणि गाडी तेवढ्यासाठी येत नाही. म्हणून शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी मिळून एक ठिकाण केलं तर जमतं. भंगारवाल्या भावाला मात्र लिथियम देऊ नका, तो बिचारा हातोड्याने फोडतो आणि त्यालाच इजा होते, लोखंड, पत्रा, बाटल्या त्याला जरूर द्या.

दुसरी पायरी: रक्कम

डिपॉझिट इतकं पाहिजे की माणूस त्यासाठी वाकेल. अमेरिकेत ओरेगन राज्याने 1971 मध्ये बाटलीवर 5 सेंट ठेवले, तिथलं पहिलं राज्य ते, पण तीच रक्कम किती वर्षं तशीच राहिली आणि महागाईत तिची किंमतच गेली, शेवटी 2017 मध्ये 10 सेंट केल्यावर लोक पुन्हा बाटल्या आणायला लागले. जर्मनीत 2003 पासून 25 सेंट आहे, तिथे बाटली रस्त्यावर पडलेली फार वेळ राहत नाही. आपल्याकडे केदारनाथला 2022 मध्ये प्लॅस्टिकच्या बाटलीवर क्यूआर कोड लावून 10 रुपये ठेवले, आणि तामिळनाडूत त्याच वर्षी नीलगिरीपासून दारूच्या बाटलीवर 10 रुपये सुरू झाले.

दोनशे-तीनशे रुपयांच्या वस्तूवर मी 20 ते 50 रुपये सांगेन. त्याहून कमी ठेवलंत तर पर्यटक सोडून देतो, जास्त ठेवलंत तर दुकानदाराचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तो दुसऱ्या आठवड्यात बंद करतो. एकट्या दुकानदाराला हे जमत नाही, ओळीतल्या सगळ्या दुकानांनी एकाच दिवशी सुरू करायला हवं.

पैसे जो आणेल त्याला द्यायचे, ज्याने विकत घेतलं त्यालाच नाही. ह्यावर वाद होतात, पण माझं मत ठाम आहे. हॉटेलात खोली झाडणारी बाई, किनाऱ्यावर वेचणारा माणूस, हेच खरी परती करतात, आणि बिल दाखवा म्हटलं की पहिली तीच माणसं बाहेर पडतात. बनावट परती टाळायची तर वस्तूवर नंबरचा स्टिकर लावा जो घामाने आणि पाण्याने निघणार नाही, आणि पैसे देताना तो फाडून वहीत चिकटवा. पत्रादेवी आणि पोळे ह्या सीमेवरच्या नाक्यांवरून रोज माणसं ये-जा करतात, तेव्हा सावंतवाडी-कारवारकडे घेतलेली वस्तू इथे पैसे मागायला येणारच, स्टिकर नसेल तर वस्तू जरूर ठेवून घ्या पण पैसे नाहीत.

तिसरी पायरी: हिशेब

बिलावर डिपॉझिटची वेगळी ओळ, गल्ल्यात वेगळा डबा. ते पैसे विक्रीचे नाहीत, लोकांचे आहेत. जीएसटीचं तुमच्या हिशेबनिसाला विचारून घ्या. परत न आलेल्या वस्तूंचे पैसे कशाला जाणार हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहा, मी म्हणेन डबे, हातमोजे आणि गाडीभाड्याला. हे लिहिलेलं नसलं की चांगली मंडळं ह्याच पैशावरून भांडतात.

चौथी पायरी: डबा आणि हाताळणी

इथे घाई नको, हा भाग दोनदा वाचा.

पत्र्याचा डबा घ्या, प्लॅस्टिकची क्रेट नको. तळाला चार बोटं कोरडी वाळू, बांधकामाची, किनाऱ्यावरची खारट आणि दमट असते ती चालत नाही. झाकण असावं पण आवळून हवाबंद करू नका, आत गॅस झाला तर बाहेर पडायला वाट हवी. प्रत्येक वस्तूच्या चार्जिंगच्या भोकावर आणि उघड्या टोकांवर चिकटपट्टी, मग वेगळी पिशवी, मग डब्यात, आणि एका थरावर पुन्हा वाळू. सफाईत सापडलेला वेप पोलीस किंवा पंचायतीचा माणूस येईपर्यंत ठेवायचा तरी ह्याच पद्धतीने, पण त्याचा डबा वेगळा, तोंडावरही पट्टी, आणि तो डबा रात्रभर आपल्याकडे ठेवायचा नाही.

हातात रबरी मोजे पाहिजेतच, निकोटिन कातडीतून अंगात जातं. लहान मुलं सफाईला आली असतील तर त्यांना बाटल्या आणि कागद द्या, ह्या वस्तू फक्त मोठ्यांनी उचलायच्या. दाबायचं नाही, टोचायचं नाही, पक्कड लावून उघडायचं नाही. वेपचे सेल काढून पॉवर बँक बनवायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून हुशार मुलांना हुरूप येतो, पण समुद्राचं पाणी लागलेल्या सेलच्या आत काय गंजलंय ते बाहेरून दिसत नाही.

डबा सावलीत, पण घरात नाही, स्वयंपाकघराजवळ नाही, गॅस आणि स्कूटर दोन्हींपासून लांब, जिथे कोणी झोपतं तिथे तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय उकडतं ते सगळ्यांना माहीत आहे, तसल्या शेडपेक्षा झाडाखालचा ओटा बरा.

सेल फुगलाय, गरम लागतोय, सुस् आवाज येतोय किंवा गोडसर, थिनरसारखा वास येतोय, तर तो बाकीच्यांत मिसळू नका, लांब उघड्यावर वाळूच्या कुंडीत ठेवा आणि मागे व्हा. पेटलाच तर धूर विषारी असतो, वारा धूर जिकडे नेतोय त्या बाजूला उभं राहू नका, लांबून भरपूर पाणी मारा म्हणजे बाजूचे सेल थंड राहतात, आणि 101 ला फोन करा. मडगावच्या सोनसडोला 2019 च्या मे महिन्यात कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती, धुराने आजूबाजूच्या लोकांचे किती हाल झाले ते साष्टीतली माणसं अजून सांगतात. साठलेल्या कचऱ्याची आग विझवणं किती कठीण असतं ते तेव्हा सगळ्यांनी बघितलं, तिथे लिथियमचे सेल आपल्या हाताने पोचवायला नकोत.

पाचवी पायरी: परतीची जागा

जिथे विकतात तिथेच परत घ्या, हा साधा नियम. त्याशिवाय गेस्ट हाऊसच्या रिसेप्शनवर, कारण माणूस चेकआउटला उभा असतो तेव्हा त्याला बॅग हलकी करायचीच असते. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या बॅगेत चालते, चेक-इनच्या सामानात नाही, हे खूप जणांना शेवटच्या क्षणी आठवतं, तेव्हा खोलीत एक छोटा कागद ठेवलात तरी परती वाढते. रिसेप्शनवरच्या मुलाला मात्र आधी शिकवा, त्याच्या हातात स्टिकरची वही, मोजे आणि चिकटपट्टी द्या. तामिळनाडूत दुकानातल्या कामगारांनी जागा नाही आणि काम वाढलं अशी तक्रार केली होती, ती रास्तच होती. काउंटर सांभाळणाऱ्याला प्रत्येक परतीमागे दोन-तीन रुपये द्या, फुकट राबवू नका.

कोणी वेप घेऊन काउंटरवर आलं तर? नम्रपणे सांगायचं की दादा, ही वस्तू इथे घेता येत नाही, हिच्यावर बंदी आहे. भांडायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि काउंटरखाली सरकवून तर मुळीच ठेवून घ्यायचं नाही.

सहावी पायरी: पावसाच्या आधी

शॅक जूनला बंद होतात आणि आपली हवा दमट होते, डब्यातल्या धातूला आठवड्यात गंज चढतो, वाळू ओली होते, आणि ती सांभाळायला माणूसही जागेवर नसतो. म्हणून उचलणाऱ्याला मार्चमध्येच फोन करून मेच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख घ्या. गाडी आली की वस्तू वहीतल्या स्टिकरांशी जुळवून मोजा, वजन तुमच्यासमोर करायला लावा, पावतीवर रिसायकलरचा नोंदणी नंबर आहे ना ते बघा, आणि तिची झेरॉक्स पंचायतीच्या बोर्डावर लावा. मग वाळू टाकून द्या, डबा आतून पुसून उलटा ठेवा आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर नवीन कोरडी वाळू भरा.